फाइंडर जुळवला, तरी गुरू आयपीसमध्ये का येत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १३० मिमी आरशाची, ९०० मिमी नाभीय अंतराची न्यूटोनियन (आरशांची) दुर्बीण, इक्वेटोरियल माउंट (पृथ्वीच्या आसाला समांतर अक्षावर फिरणारा आधार), सोबत ६×३० चा फाइंडर (नेम धरायला नळीवर बसवलेली, सहा पटीची, ३० मिमी भिंगाची छोटी दुर्बीण). ठाण्यातल्या गच्चीवरून दुपारी समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर तुम्ही फाइंडर जुळवला, म्हणजे तो आणि मुख्य दुर्बीण एकाच जागी बघतील असं केलं. टाकी अंदाजे ६० मीटरवर. १० मिमीच्या आयपीसला (डोळा लावायच्या भिंगाला) दुप्पट बार्लो (विशालन वाढवणारं जोडभिंग) लावून टाकीचा नळ अगदी मधोमध आणला होता. रात्री गुरू फाइंडरच्या फुलीवर बरोबर बसतो, पण आयपीसमध्ये नुसता काळोख. मुलगी वाट बघून झोपायला गेली. दुर्बिणीतच दोष आहे का, की फाइंडर बदलून रेड डॉट (लाल ठिपक्याने नेम दाखवणारा प्रकार) घ्यावा, असं तुम्ही विचारलंय.

दुर्बिणीत दोष असेल असं मला वाटत नाही. तुम्ही दिलेले आकडे शेजारी शेजारी मांडले की गुरू का दिसला नाही हे बरंचसं उलगडतं, म्हणून आधी तो हिशेब करू.

९०० मिमीच्या दुर्बिणीला १० मिमीचं आयपीस लावलं की ९० पट, आणि बार्लोसकट १८० पट. साध्या, नेहमीच्या प्लॉसल प्रकारच्या आयपीसचं दृश्यक्षेत्र (डोळ्याला दिसणाऱ्या वर्तुळाची रुंदी) ५० अंशांच्या आसपास असतं. त्याला १८० ने भागलं की आकाशाचा जो तुकडा तुम्हाला दिसत होता तो जेमतेम १७ कलांचा. (अंशाचा साठावा भाग म्हणजे एक कला. पौर्णिमेचा चंद्र साधारण ३० कला रुंद असतो.) म्हणजे तुम्ही चंद्राच्या निम्म्याहून थोड्याच मोठ्या खिडकीतून गुरू शोधत होतात. मध्यापासून कडेपर्यंत फक्त साडेआठ कला.

आता टाकीचं अंतर. फाइंडर मुख्य नळीच्या वर बसतो. त्याचा मध्य आणि नळीचा मध्य यांत तुमच्या दुर्बिणीवर साधारण १५ सेंटिमीटरचं अंतर असेल. ६० मीटरवरच्या नळावर दोन्ही जुळवले, तर दोघांच्या दृष्टिरेषा त्या नळापाशी एकमेकींना छेदतात आणि पुढे फाकत जातात. हा फाकलेला कोन निघतो साधारण साडेआठ कला. तुमच्या खिडकीची अर्धी रुंदीही तेवढीच! फाइंडरमध्ये गुरू फुलीवर अचूक असला तरी मुख्य दुर्बिणीत तो नेमका कडेवर किंवा कडेच्या जरा बाहेर जाणार. २५ मिमीचं आयपीस असतं तर हीच चूक कळलीसुद्धा नसती, कारण त्यात ३६ पटीला ८३ कलांचं क्षेत्र मिळतं आणि गुरू मध्याच्या जरा बाजूला, पण आरामात आत दिसला असता.

शिवाय पृथ्वी थांबत नाही. खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा दर मिनिटाला १५ कला सरकतो, गुरूही जवळपास तेवढाच. फाइंडरवरून डोळा काढून आयपीसला लावायचा, मुलीला पुढे बोलवायचं, स्टुल सरकवायचं, यात अर्धं मिनिट सहज जातं. तेवढ्यात मध्यावरचा गुरूसुद्धा १७ कलांच्या खिडकीच्या कडेला पोचतो.

तिसरी गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही: फोकस. ६० मीटरवरची वस्तू स्पष्ट दिसावी म्हणून फोकसर (आयपीस आत-बाहेर सरकवणारा भाग) जिथे थांबतो, त्याच्या १३-१४ मिमी आत आकाशातल्या वस्तूंचा फोकस असतो. दुपारी केलेला फोकस तसाच ठेवून रात्री बघितलं, तर गुरूचा ठिपका न दिसता त्याच्या दहापट रुंद, फिकट, मध्ये काळा डाग असलेली तबकडी दिसते. शहराच्या उजळ आकाशात ती पटकन लक्षातही येत नाही. तेव्हा गुरू एखाद्या वेळी खिडकीत आला असेल आणि ओळखू आला नसेल, हेही शक्य आहे.

जास्तीचं विशालन, जवळचं लक्ष्य आणि दुपारचा फोकस, या तिन्हींपैकी एकेकटं कारण निभावून गेलं असतं. तुमच्याकडे तिन्ही एकत्र आली.

आता जुळवायचं कसं. एक गोष्ट आधी पक्की करून घ्या: मुख्य दुर्बीण जिकडे बघते ते खरं. फाइंडरला तिकडे वळवायचं असतं. लक्ष्य एकदा आयपीसमध्ये मधोमध आलं की नळीला हात लावायचा नाही, फक्त फाइंडरचे स्क्रू फिरवायचे. नवीन माणूस हमखास उलटं करतो. फुलीवर लक्ष्य घेतो, आयपीसमध्ये बघतो, दिसलं नाही म्हणून नळी हलवतो, मग फुली सुटली म्हणून परत फाइंडरकडे येतो. या गोल गोल फिरण्यात तासभर जातो आणि हाती काही लागत नाही.

स्क्रूंना हात लावण्याआधी फाइंडर घट्ट आहे का ते बघा. तुमच्या फाइंडरच्या कड्यात दोन प्लास्टिकचे स्क्रू आणि त्यांच्या समोर स्प्रिंग असलेली एक टोपी असणार. ही टोपी फाइंडरच्या नळीला सतत स्क्रूंवर रेटून धरते. याच कड्याच्या पुढच्या तोंडाशी एक काळं रबरी कडं असतं. फाइंडरच्या नळीवर त्यासाठी एक खाच असते. रबर त्या खाचेत बसवून मग नळी कड्यात सरकवायची असते. डब्यातून काढताना हे रबर बऱ्याचदा खाचेतून निसटून नळीवर कुठेतरी पुढे-मागे बसलेलं असतं. तसं असेल तर पुढचं टोक मोकळं राहतं, आणि स्क्रू कितीही नेमके फिरवले तरी गच्चीचा जिना चढताना लागलेल्या एका धक्क्याने सगळं बिघडतं. बोटाने फाइंडरचं मागचं टोक स्प्रिंगच्या दिशेने हलकेच दाबा आणि सोडा. फुली पूर्वीच्याच जागी परत आली पाहिजे. येत नसेल तर रबर आणि स्प्रिंग आधी तपासा. खालचा पाय खोबणीत पूर्ण आत सरकवून आडवा स्क्रू आवळा. फाइंडर काढून ठेवायची सवय असेल तर दर वेळी तो खोबणीत शेवटपर्यंतच सरकवा, म्हणजे तो जवळपास त्याच जागी बसतो.

मग फाइंडरचा स्वतःचा फोकस. पुढच्या भिंगाच्या चौकटीमागे एक पातळ चकती असते. ती सैल करून पुढची चौकट फिरवायची, लांबची वस्तू रेखीव झाली की चकती परत आवळायची. प्रतिमा आणि फुली एकाच प्रतलात नसतील तर डोळा किंचित डावी-उजवीकडे नेल्यावर फुली लक्ष्यावरून सरकते. अशा फाइंडरचं जुळवणं दर वेळी वेगळं येतं आणि माणूस उगाच स्क्रूंना दोष देतो. तुम्ही चष्मा लावत असाल तर चष्म्यासकट बघायचं की चष्म्याशिवाय हे ठरवून टाका आणि तेच पाळा.

कोलिमेशन (दुर्बिणीचे आरसे एका रेषेत आणणं) करायचं असेल तर तेही आधीच. आरशांचे स्क्रू फिरवले की दुर्बिणीची दृष्टिरेषाच बदलते, मग आधी नीट जुळवलेला फाइंडर पुन्हा बाजूला पडतो. कोलिमेशनची धास्ती वाटत असेल तर ते एकदा जाणत्याच्या शेजारी उभं राहून शिकलेलं उत्तम. तुमच्याकडे खगोल मंडळाचे वांगणीचे आकाशदर्शन कार्यक्रम आहेत, पुण्यात १९४४ पासूनची ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे. अशा ठिकाणी लोक आनंदाने दाखवतात.

पहिली जुळवणी दिवसा करा, कारण दिवसा लक्ष्य पळत नाही. मात्र एका बाबतीत मी कुणालाच सूट देत नाही: सूर्य. ३० मिमीचा छोटा फाइंडरसुद्धा सूर्यावर रोखला गेला तर क्षणात डोळा कायमचा अधू करू शकतो. सूर्य मावळतीकडे असेल तर पूर्वेचं लक्ष्य घ्या, सूर्याकडे पाठ ठेवा, आणि मुलं गच्चीवर असतील तर वापर नसताना मुख्य नळी आणि फाइंडर या दोन्हींवर झाकणं ठेवा. फाइंडरचं झाकण लोक विसरतात. उघड्या फाइंडरमध्ये ऊन शिरलं तर आतली फुलीसुद्धा वितळू शकते.

ठाण्यात तुम्हाला पूर्वेला पारसिकचा डोंगर आहे. दुपार कलल्यावर, ऊन पाठीवर असताना, त्या धारेवर विजेच्या तारांचा मनोरा, मोबाइलचा टॉवर किंवा एखादं एकटं झाड शोधा. एक किलोमीटरवर तो १५ सेंटिमीटरचा फरक अर्ध्या कलेवर येतो, डोंगराच्या धारेवर त्याहून कमी. म्हणजे तो विसरूनच जायचा. पश्चिमेचं, येऊरच्या बाजूचं काही घ्यायचं असेल तर सकाळची वेळ गाठा. भर दुपारी तापलेल्या पत्र्यांवरून आणि स्लॅबवरून बघू नका, हवेच्या थरथरीने टॉवरचं टोक नाचत राहतं.

बार्लो बाजूला ठेवा आणि २५ मिमीचं आयपीस लावा. माउंटचे दोन्ही क्लॅम्प (अक्ष घट्ट धरणारे स्क्रू) सैल करून नळीवरून नजर लावत दुर्बीण अंदाजाने टॉवरकडे वळवा, मग आयपीसमध्ये बघत हळूहळू शोधा. न्यूटोनियनमध्ये चित्र उलटं दिसतं, तेव्हा टॉवर खाली डोकं वर पाय असणार. टोक सापडलं की क्लॅम्प आवळा. आवळताना नळी थोडी सरकतेच, म्हणून आवळून झाल्यावर स्लो मोशनच्या (नळी हळू सरकवणाऱ्या) नॉबने टोक परत मध्यावर आणा. आता फाइंडर. दोन स्क्रूंपैकी एक पाव फेरा फिरवा आणि फुली कुठे गेली ते बघा. सरळ फाइंडरमध्येही चित्र उलटं असल्यामुळे कुठला स्क्रू कुठे नेतो याचा आधीपासून विचार करत बसू नका, दोन-तीन वेळा फिरवलं की हाताला कळतं. फुली टोकावर आली की आयपीसमध्ये पुन्हा बघा. स्क्रू फिरवताना हाताच्या दाबाने नळी हललेली असू शकते. हललीच असेल तर आधी आयपीसमध्ये मध्य, मग परत फुली. हाच क्रम १० मिमीवर पुन्हा करा. इथे ३३ कलांचं क्षेत्र आहे, त्यामुळे चूक लगेच दिसते. बार्लोसकट जुळवायच्या भानगडीत पडू नका. सहा पटीच्या फाइंडरमध्ये नुसत्या डोळ्याने फुलीवर आणताना काही कलांची चूक होतेच, १८० पटीला जी अचूकता लागते ती या फाइंडरकडून मिळणार नाही.

जुन्या पद्धतीच्या फाइंडरला स्प्रिंग नसते, एकेका कड्याला तीन-तीन स्क्रू असतात. तिथे एक सैल केल्याशिवाय समोरचा आवळायचा नाही, नाहीतर प्लास्टिकचे आटे जातात. आणि कुठल्याही प्रकारात स्क्रू शेवटपर्यंत गेला तरी फुली पोचत नसेल, तर जोर लावू नका. फाइंडरचा पायाच वाकडा बसला असेल, किंवा दुय्यम आरसा (नळीच्या तोंडाजवळचा छोटा आरसा) बराच कलला असेल. आधी कोलिमेशन बघा. ते ठीक असेल तर पायाच्या एका टोकाखाली जुन्या एटीएम कार्डाची पातळ पट्टी सरकवली की काम भागतं.

अंधार पडला की ताऱ्यावर खातरजमा करायची. सगळ्यात सोपा ध्रुव, कारण तो जवळजवळ हलत नाही. खगोलीय ध्रुवापासून तो अंशाच्या दोन तृतीयांशाच्या आसपासच दूर आहे, त्यामुळे निवांत वेळ मिळतो. पण आपल्याकडे तो क्षितिजापासून आपल्या अक्षांशाइतकाच वर: ठाण्याहून १९ अंश, पणजीहून साडेपंधरा, नागपूरहून २१. उत्तरेला इमारती किंवा धुरकट असेल तर तो मिळत नाही. मग हिवाळ्यात ब्रह्महृदय किंवा व्याध, उन्हाळ्यात स्वाती किंवा चित्रा, पावसाळा सरल्यावर अभिजित. आजूबाजूला तसाच दुसरा तारा नसलेला, ठळक, एकटा तारा हवा. कृत्तिकेसारखा पुंजका घेतला तर फाइंडरमधला तारा आणि आयपीसमधला तारा एकच आहे याची खात्री राहत नाही. खात्रीसाठी गुरूही छान. त्याच्या दोन्ही बाजूंना एका ओळीत चंद्र दिसले की शंकेला जागाच नाही. चंद्रावर मात्र फाइंडर जुळवू नका. तो फाइंडरमध्येही एवढा मोठा असतो की फुली त्याच्यावर कुठेही पडली तरी बरोबरच वाटते.

तारा मध्यावर आहे हे ठरवणं वाटतं तितकं सोपं नाही, कारण आयपीसमध्ये फुली नसते. तारा मुद्दाम फोकसबाहेर काढा, तो फुगून मोठी तबकडी होऊ द्या. तबकडीभोवती काळी जागा चारही बाजूंनी सारखी आहे का हे डोळ्याला लगेच कळतं. जुळवून झालं की फोकस परत आणा. माउंटला मोटर नसेल तर ताऱ्याच्या मागे धावू नका. तो पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकतो, म्हणून त्याला मध्याच्या किंचित पूर्वेला ठेवा, हात काढा आणि तो सरकत मध्यावर येईपर्यंत थांबा. मध्यावर आला की लगेच फाइंडरमध्ये बघून फुलीचा शेवटचा फरक काढा. पूर्व कुठली हे ओळखायला काही कळावं लागत नाही. तारा ज्या कडेने क्षेत्राबाहेर जातो ती पश्चिम, तिच्या समोरची पूर्व.

यापुढे दर रात्री पहिली वस्तू बघण्याआधी एका ठळक ताऱ्यावर हे तपासा. दुर्बीण खोलीतून गच्चीवर नेली, एवढंही पुरतं बिघडायला. आणि आपल्या हवेत पावसाळ्याचे चार महिने दुर्बीण बंद असते, तेव्हा पुन्हा काढल्यावर नुसत्या जुळवणीवर भागत नाही. रबरी कडं अजून लवचिक आहे का, फाइंडरच्या भिंगावर बुरशीचे तंतू आलेत का, हेही बघा. फाइंडर सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवला तर कोकणपट्टीतही बरा राहतो.

एवढा खटाटोप गुरूसाठी लागत नाही, असं तुम्हाला वाटेल. बरोबर आहे, गुरू २५ मिमीने आजूबाजूला चाचपूनही मिळतो. खरा उपयोग पुढे आहे. ऑक्टोबरात पाऊस ओसरल्यावर संध्याकाळी अभिजित वायव्येला असतो. त्याच्या शेजारी स्वरमंडळातल्या चार मंद ताऱ्यांचा छोटा समांतरभुज चौकोन आहे. त्यातल्या, अभिजितपासून लांबच्या दोन ताऱ्यांमध्ये सुमारे दोन अंशांचं अंतर आहे आणि त्यांना जोडणाऱ्या रेषेवर, मध्याच्या जरा एका बाजूला, कंकणाकृती तेजोमेघ आहे. तो जेमतेम दीड कला रुंद. तुमच्या फाइंडरमध्ये तो ओळखू येणार नाही, फुली फक्त त्या दोन ताऱ्यांच्या मधल्या जागेवर ठेवायची. फाइंडर जुळलेला असेल तर ३६ पटीला क्षेत्राच्या मध्याजवळ एक न टिमटिमणारा, किंचित धूसर ‘तारा’ दिसतो. ९० पटीला, नजर थोडी बाजूला ठेवून बघितलं की तो करड्या रंगाचं छोटं कडं होतो. जुळलेला नसेल तर त्या भागात असे बारीक तारे इतके आहेत की त्यांतला कुठला तो हे सांगता येत नाही, आणि शहरातून चाचपत शोधणं जवळजवळ अशक्य.

रेड डॉटबद्दल: आत्ता घेऊ नका. तो काही मोठं करून दाखवत नाही, काचेवर फक्त एक लाल ठिपका दाखवतो. ठाण्याच्या आकाशात नुसत्या डोळ्याला तारेच थोडे दिसतात, तिथे ३० मिमीचं भिंग जे जास्तीचे तारे आणून देतं ते तुम्ही गमावून बसाल. शिवाय त्यालाही हीच जुळवणी करावी लागते. टेलरॅडसारखा, अर्ध्या, दोन आणि चार अंशांची लाल वर्तुळं आकाशावर टाकणारा प्रकार काळोख्या गावी फार सोयीचा पडतो, कारण नकाशावर तीच वर्तुळं मांडून मोजता येतं. गावाकडे नेहमी जाणं होत असेल तर फाइंडर तसाच ठेवून, त्याच्या जोडीला तो घ्या.

आज संध्याकाळी आकाश मोकळं असेल तर बार्लो खोक्यातच राहू द्या. रबरी कडं तपासा, पारसिकच्या धारेवर २५ मिमीने, मग १० मिमीने जुळवा. रात्री गुरूवर जाताना पुन्हा २५ मिमी लावा आणि फोकसर आत घेत घेत गुरू लहानात लहान, रेखीव करा. गुरू तरीही आला नाही तर फाइंडरच्या मागच्या टोकावर दाब दिल्यावर फुली परत येते का आणि क्षेत्रात निदान एखादी फिकट तबकडी दिसते का, ही दोन उत्तरं कळवा. त्यावरून पुढचं सांगता येईल.